गळा आत, माणूस बाहेर



टेंभुर्णीच्या चौकात पहाटे पाचला उभं राहून बघा. पुण्याहून सोलापूरकडं जाणारा हमरस्ता रात्रभर झोपलेला नसतो. करमाळ्याकडून येणारी वाट इथं येते आणि खाली पंढरपूरकडं उतरते. टपरीवाला स्टोव्ह पेटवतो, देवाच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळतो आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत गाणं लावतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो, त्याच्या टपावरच्या बॉक्समधून तोच आवाज. गावातल्या देवळाच्या कर्ण्यातून तोच आवाज. आणि 14 एप्रिलला आपल्या वस्तीत निळी कमान उभी राहते, त्या कमानीखालीही तोच आवाज.

हा आवाज प्रल्हाद शिंद्यांचा.

उंच पट्टीत सुरू होणारा. मोकळ्या, खड्या गळ्याचा. त्यात तालमीचा गुळगुळीतपणा नाही. ज्याला माईकशिवाय हजार माणसाला ऐकू जाईल असं गावं लागलंय त्या माणसाचा हा आवाज.

आता त्या टपरीवाल्याला विचारा, बाबा, हा माणूस कुठला? तो म्हणेल, कुठला का असंना, गातो झकास! ट्रॅक्टरवाल्याला विचारा. तो आवाज आणखी वाढवील, पण सांगता यायचं नाही त्याला. हा माणूस आपल्याच जिल्ह्यातला, मंगळवेढ्याचा. टेंभुर्णीहून पंढरपूर आणि पंढरपूरहून मंगळवेढा, एवढ्याच वाटेवरचा. गावाबाहेरच्या वस्तीत जन्मलेला, आपल्यातला. हे त्यांना ठाऊक नाही, कारण ठाऊक असायची गरजच त्यांना कधी पडली नाही. गाणं पाहिजे होतं, ते मिळालं. माणूस कुणाला पाहिजे होता?

प्रल्हाद शिंदे 23 जून 2004 ला गेले. दोन दशकं उलटून गेली. त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं असतं तर हा अग्रलेख लिहायची पाळी आली नसती. आणि हा अग्रलेख नुसता जगाला जाब विचारण्यासाठी नाही. आधी तो आपल्याच चळवळीला जाब विचारणार आहे. तेव्हा ज्यांना फक्त टाळ्या वाजवायच्या आहेत त्यांनी इथंच पान उलटावं.

•

मंगळवेढा हे गाव समजून घेतल्याशिवाय प्रल्हाद शिंदे समजायचे नाहीत.

हे चोखोबाचं गाव. चोखामेळा इथं ढोरमेहनत करायचा आणि अभंग रचायचा. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेव्हणा बंका, पोरगा कर्ममेळा, सगळं घर रचायचं. देव पंढरपुरात आत, चोखा महाद्वाराबाहेर. गावाला कुसू बांधायचं निघालं तेव्हा त्या कामावर याच माणसांना जुंपलं. भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा आणि त्याच्यासारखे मजूर गाडले गेले. साल सांगतात 1338. म्हणजे ज्या गावकुसाच्या आत राहायची मुभा नव्हती, तेच गावकूस बांधता बांधता मेला! पुढं नामदेवानं त्याची हाडं पंढरपुरात आणली आणि समाधी झाली, तीही महाद्वारासमोर. मेल्यावरसुद्धा बाहेरच.

त्या मंगळवेढ्यात 1933 मध्ये प्रल्हाद शिंदे जन्मले. गाणं घरातच होतं. आईवडलांच्या मागं गात गात पोरगं वाढलं. हे पोरगं दोन वर्षांचं होतं तेव्हा येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. पोरगं चौदा वर्षांचं झालं तोवर पंढरपूरच्या देवळाचं दार आपल्याला बंद होतं. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले, तेव्हा ते उघडलं. एका बामणाला उपास करावा लागला म्हणून दार उघडलं. चोखोबापासून सहाशे वर्षं उपाशी राहिलेल्यांच्या उपासानं ते हललंही नव्हतं. ही नोंद आम्ही गुरुजींचा मान ठेवूनच करतो.

आणि आता गंमत बघा. ज्या पोराच्या लहानपणी त्या देवळाचं दार बंद होतं, त्याच पोराचा आवाज पुढं पंढरीच्या वाटेचा आवाज झाला. आषाढीला पंढरपुरात पाय ठेवायला जागा नसते. गल्लीगल्लीतून, दुकानादुकानातून, एसटीच्या स्टँडावर, मठांच्या मांडवांतून एकच आवाज. पंढरीकडं चालणाऱ्या पावलांचं ते गाणं, चंद्रभागेकाठच्या देवाचं ते गाणं, देवा आता तरी पाव म्हणून टाहो फोडणारं ते गाणं. सनातन्याच्या घरात पहाटे तो वाजला. सत्यनारायणाच्या पूजेला तो वाजला. ज्या माजघरात प्रल्हाद शिंद्यांना पाण्याचा तांब्या वरून ओतला गेला असता, त्या माजघरात त्यांचा आवाज सोवळं नेसून बसला.

गळा आत. माणूस बाहेर.

सहाशे वर्षांत एवढीच काय ती प्रगती! चोखोबाला महाद्वारात अडवलं. प्रल्हाद शिंद्यांना अडवायला दारात कुणी उभं राहिलं नाही, कारण मधल्या काळात लाउडस्पीकर आला होता. आवाजाला जात चिकटवता येत नाही. तबकडीला शिवून विटाळ होत नाही. व्यवस्थेला हे फार सोयीचं पडलं. माणसाला न शिवता त्याची कला तेवढी ओढून घ्यायची ही युक्ती काही नवी नाही. वाजंत्री आमची, हलगी आमची, आणि वरात त्यांची. हे तर आमच्या बापजाद्यांपासून चाललंय.

•

जिल्ह्यातल्या जुन्या लोकांना कॅसेटचा जमाना आठवत असेल. ऐंशीच्या आसपास टेपरेकॉर्डर खेड्यात शिरला आणि गाणं रेडिओच्या साहेबांच्या तावडीतून सुटलं. आकाशवाणीवर ज्याला कुणी विचारलं नसतं त्याची कॅसेट बाजारात विकली जाऊ लागली.

या बाजारात प्रल्हाद शिंद्यांच्या दोन तऱ्हेच्या कॅसेटी होत्या. एकीच्या कव्हरावर विठोबा, गणपती, सत्यनारायण. दुसरीच्या कव्हरावर बाबासाहेब आणि बुद्ध. पहिली पंढरपूरच्या प्रासादिक भांडाराच्या दुकानात, बुक्का-तुळशीमाळेशेजारी. दुसरी दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर, फुटपाथवर पसरलेल्या पुस्तकांशेजारी. वेशीच्या आत एक कॅसेट, वेशीच्या बाहेर दुसरी. ज्या घरात पहिली होती त्या घरात दुसरी नव्हती, आणि दुसरी होती तिथं पहिली कपाटात लपवलेली होती.

गळा मात्र एकच होता. दोन्हीकडं तोच खडा सूर, तीच ढोलकीवरची थाप, तोच कोरस, शब्द ओठातून सुटताना लागणारी तीच धार. विठ्ठलाच्या गाण्यात जो टाहो आहे तो विठ्ठलाचा नाही, तो मंगळवेढ्याच्या वस्तीचा आहे. आणि भीमगीतात जी छाती भरून आलीय ती कुणा गुरूनं शिकवलेली नाही, ती त्याच टाहोची दुसरी बाजू आहे. आधी हात पसरून मागणारा माणूस पुढं मूठ वळून उभा राहिला, एवढाच फरक. कानांना जरा काम द्या म्हणजे ऐकू येईल.

पण कान कोणाला होते? सवर्णांनी प्रल्हाद शिंद्यांचा देवाचा अर्धा भाग घेतला आणि बाकीचा माणूस फेकून दिला.

आणि आम्ही?

•

आता आमच्या पापाचा पाढा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जयंतीची बैठक होती. वस्तीतल्या समाजमंदिरात सतरंजी टाकलेली, मधी कंदील, वीज गेलेली. वर्गणी बऱ्यापैकी जमली होती. म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं, औंदा प्रल्हाद शिंद्याची पार्टी आणा. रातभर कव्वालीचा सामना होऊ द्या. मांडव कमी पडेल, पंचक्रोशी लोटंल. आयाबाया दारात उभ्या राहून ऐकत होत्या, त्यांचंही तेच म्हणणं.

आणि आम्ही पोरं उठलो. आम्ही नुकतेच पँथर वाचून तापलेलो. खिशात छापील जाहीरनामा, डोक्यात अंगार. आम्ही म्हणालो, हा माणूस सत्यनारायणाची कथा गातो. बावीस प्रतिज्ञांना लाथ मारतो. ज्यानं विठोबापुढं टाळ कुटले त्याला बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभं करायचं? याला आणाल तर आम्ही जयंतीत नाही.

मतदान झालं. हात वर करून. पोरांचे हात जास्त भरले. पार्टी रद्द झाली. त्या पैशात मुंबईहून ऑर्केस्ट्रा आणला. त्यानं रातभर हिंदी सिनेमाची गाणी वाजवली आणि शेवटी बळंबळं दोन भीमगीतं म्हटली, तीही कागदावर बघून.

वर आलेल्या हातांतला एक हात हा अग्रलेख लिहिणाऱ्याचा होता.

मांडवात एक म्हातारी पुढं बसली होती. ऑर्केस्ट्रा चालू असतानाच उठली. जाता जाता म्हणाली, "पोरांनू, तुमचं बराबर आसंल. पन त्यानं गायलं की माज्या बापाचं त्वांड दिसायचं." तिला आम्ही अडाणी समजलो. म्हाताऱ्या माणसांना चळवळ कळत नाही असं एकमेकांत बोललो, हसलो. बाई गेली. तिनं सांगितलेली गोष्ट समजायला आम्हाला पुढची तीस वर्षं लागली.

•

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही पलटी मारली! विठोबा चालू केला!

नाही. एक शब्दही मागं घेतलेला नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात ज्या प्रतिज्ञा घेतल्या त्या घेतल्या. जो देव सहाशे वर्षं दाराबाहेरच्याला आत घे म्हणाला नाही, त्याच्यापुढं आम्ही वाकणार नाही. सत्यनारायण ही थाप आहे. कर्माचे भोग हा गरिबाला गप्प बसवायचा मंत्र आहे. प्रल्हाद शिंद्यांच्या गळ्यातून आला म्हणून तो मंत्र खरा होत नाही. उलट जास्त घातक होतो, कारण तो जास्त गोड लागतो. ही टीका आम्ही तेव्हा केली, आज करतो, उद्याही करू.

पण टीका करणं वेगळं आणि माणसाला वाळीत टाकणं वेगळं. वाळीत टाकणं हा गावाचा धंदा, आपला नाही.

बाबासाहेबांकडं बघा. संतांच्या वाटेनं जात मोडत नाही, देवापुढं सगळे सारखे म्हटल्यानं माणसामाणसांत काही सारखं होत नाही, हे त्यांनी 1936 मध्ये स्वच्छ मांडलं. त्यावर दुसरं काही बोलायला जागाच ठेवली नाही. आणि त्याच बाबासाहेबांनी 1948 मध्ये अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारं पुस्तक लिहिलं तेव्हा ते अर्पण कुणाला केलं? नंदनार, रविदास आणि चोखामेळा. मंगळवेढ्याच्या चोखोबाला! वाट नाकारली, माणूस नाकारला नाही. अस्पृश्यात जन्मून ज्यानं आपल्या वकुबानं माणूसपण राखलं त्याला त्यांनी आपला म्हटलं.

बाबासाहेबांना जे जमलं ते आम्हाला का जमलं नाही? कारण आमची क्रांती तेव्हा पुस्तकाएवढी होती. पोटाचा हिशोब आमच्या जाहीरनाम्यात होता, पण समोर बसलेल्या गायकाच्या पोटाचा हिशोब आम्ही कधी मांडला नाही.

तो मांडूया. कव्वालीची पार्टी म्हणजे एकटा गायक नव्हे. पेटीमास्तर, ढोलकवाला, बेंजोवाला, कोरसची चार-पाच पोरं, गाडीवाला. एवढ्या पोटांची जबाबदारी एका गळ्यावर. आमची जयंती येते वर्षातून एकदा, एप्रिलात. फार तर मे अखेरपर्यंत चालते. बुद्धपौर्णिमा, दसरा, 6 डिसेंबर धरा. उरलेले महिने काय करायचं? आम्ही सुपारी देताना घासाघीस करायची, रातभर गाऊन घ्यायचं आणि पहाटे बिदागीच्या वेळी वर्गणी कमी जमली म्हणून हात वर करायचे. वर पुन्हा ऐकवायचं, दादा, हे समाजाचं काम आहे! समाजाच्या कामाला मांडववाला फुकट येत नाही. जनरेटरवाला फुकट येत नाही. फुकट येतो तो फक्त शाहीर.

कंपनीवाल्याला देव खपवायचा होता, त्याला गळा पाहिजे होता. आम्हाला भीमराव पाहिजे होते, पण फुकटात. मग हा माणूस देवाचं गायला याचा निम्मा दोष आमच्या रिकाम्या खिशाला आणि उरलेला निम्मा आमच्या कोत्या मनाला.

•

आपल्या चळवळीनं 1972 साली पँथर हे नाव घेतलं ते सातासमुद्रापलीकडच्या काळ्या भावांकडून. गाण्याचंही थोडं तिकडंच जाऊन बघूया, कारण आपली पोरं आता मोबाइलवर ते गाणं ऐकतात. जमैका नावाचं बेट. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी तिथं गोऱ्यांच्या उसाच्या मळ्यात पिढ्या काढल्या. ऊस म्हटल्यावर माढा तालुक्याला वेगळं सांगायला नको. गुलामी कायद्यानं 1838 मध्ये पुरती सुटली, दारिद्र्य सुटलं नाही. त्या झोपड्यांतून 1960 नंतरच्या दहा वर्षांत रेगे नावाचं गाणं वर आलं. बँड बोलवायची ऐपत नव्हती म्हणून लोक ट्रकवर भले मोठे भोंगे चढवून गल्लीत गाणं वाजवायचे. एकाच चालीवर दहा जण दहा गाणी बांधायचे, आपल्याकडं सिनेमाच्या चालीवर भीमगीतं बांधतात तशीच. आणि गायकाला स्टुडिओत बोलवून हातावर थोडे पैसे टेकवायचे, तबकडी किती खपली याचा हिशोब कंपनीच्या पोटात. हेही अगदी आपल्यासारखंच.

या गाण्याचा जो मुळांशी घट्ट प्रकार आहे त्यातला गायक एका दमात देवाचं नाव घेतो आणि त्याच दमात मालकाला शिव्या घालतो. बायबल गोऱ्यांनी दिलेलं. त्यानं ते उचललं, त्यातली गुलामीची आणि सुटकेची गोष्ट आपली म्हणून सांगितली, गोऱ्यांच्या सत्तेलाच पापी बाबिलोन ठरवलं. बॉब मार्ले 11 मे 1981 ला गेला आणि अख्ख्या जगानं त्याला डोक्यावर घेतलं.

आमच्यातले शिकलेले मार्लेचा सदरा घालतात. त्याच्या गाण्यात देव आला तर ती संस्कृती, तो प्रतिकार! आणि मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंद्याच्या गाण्यात देव आला की ती गुलामी! फरक आहे, तो आम्ही नाकारत नाही. मार्लेच्या लोकांनी मालकाचा देव फोडून स्वतःचा केला. प्रल्हाद शिंद्यांनी दुसऱ्याचाच देव दुसऱ्याच्याच शब्दांत गायला. पण हा फरक गळ्याचा नाही. शब्द देणाऱ्याचा आणि पैसे देणाऱ्याचा आहे. आमच्या कवींनी आणि आमच्या संघटनांनी त्या गळ्याला बारा महिने आपले शब्द आणि आपली भाकरी दिली असती तर?

आणखी एक. त्याच जमैकात डेनिस ब्राउन नावाचा गायक होता. मार्लेएवढं नाव जगात झालं नाही, पण घरच्या लोकांना त्याची किंमत कळत होती. 1999 मध्ये तो गेला तेव्हा त्याला राजधानी किंग्स्टनच्या राष्ट्रीय वीरांच्या उद्यानात पुरलं. महाराष्ट्राच्या एखाद्या शहराएवढ्या लोकसंख्येचं, खिशानं फाटकं बेट. त्यानं आपल्या गायकाला वीरांशेजारी जागा दिली. आमच्याकडं गायकाला सतरंजीच्या कडेला जागा मिळते, तीही कार्यक्रम संपेपर्यंत.

•

महाराष्ट्रातल्या पांढरपेशांनी गाण्याच्या उतरंडी लावल्या आहेत. वर शास्त्रीय. मग नाट्यगीत. मग भावगीत, ते दिवाणखान्यातलं. सगळ्यात खाली लोकगीत नावाचं मडकं, त्यात जे कुठं बसत नाही ते सगळं कोंबायचं. कव्वाली, भीमगीत, जलसा, पोवाडा, सगळं एका मडक्यात. उतरंडीतलं खालचं मडकं वरच्या सगळ्यांचं ओझं पेलतं, हे काही यांना दिसत नाही. मराठी गायकीचा इतिहास लिहायला बसतात तेव्हा ज्यानं लाखो घरांत पहाट केली त्याला दोन ओळी, आणि ज्याला पुण्या-मुंबईच्या चार सभागृहांनी ऐकलं त्याला प्रकरण. हा कानाचा दोष नाही, हा वर्णाचा दोष आहे. कानात वर्ण शिरला की सूर ऐकू येत नाही.

2004 चा तो उन्हाळा आठवा. 15 मे ला वामनदादा कर्डक गेले. सिन्नरजवळच्या देशवंडीचा माणूस. 1943 पासून साठ वर्षं झोळी खांद्याला लावून महाराष्ट्र पायाखाली घातला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना बाबासाहेब गाण्यातून शिकवले. त्यानंतर 39 दिवसांनी प्रल्हाद शिंदे गेले. सव्वा महिन्यात आपल्या समाजाची लेखणी गेली आणि गळाही गेला. त्याआधी 1997 मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबारानं काळीज फाटलेला शाहीर विलास घोगरे आपल्यातून गेला. 2010 मध्ये विठ्ठल उमप नागपुरात रंगमंचावरच कोसळले. श्रावण यशवंते, गोविंद म्हशिलकर, नागोराव पाटणकर, राजानंद गडपायले, लक्ष्मण राजगुरू, दलितानंद, प्रतापसिंग बोदडे... कुणी लिहिलं, कुणी गायलं. नव्या पोरांना यातली किती नावं ठाऊक आहेत? हात वर करा. आता मतदान होऊन जाऊ द्या!

आणि हे सगळे मोठे. ज्यांचं नाव पोस्टरवर कधी आलंच नाही असे ढोलकवाले, पेटीवाले, कोरसवाले प्रत्येक तालुक्यात मेले, त्यांची नोंद तलाठ्याच्या मृत्यूच्या वहीपलीकडं कुठं नाही.

शाहिराचा एक जलसा आपल्या दहा सभांच्या तोलाचा, असं बाबासाहेब मानायचे. ही गोष्ट प्रत्येक पुढारी माईक हातात आला की सांगतो. सांगतो आणि शाहिराला म्हणतो, दोनच गाणी घ्या, साहेब यायचेत.

•

प्रल्हाद शिंद्यांचं घर गात राहिलं. आनंद आणि मिलिंद या मुलांनी बाजार गाजवला, नातू आदर्श आज सिनेमात गातो. एका घरानं तीन पिढ्या महाराष्ट्राला गाणं पुरवलं. संगीतातल्या घराण्यांची नावं घेताना हे घराणं कुणी मोजत नाही. घराणं म्हणायला बहुधा आधी वाडा लागत असावा!

एक घर तरलं. पण एक घर तरलं म्हणजे समाज तरला असं होत नाही. म्हणून नुसता गहिवर काढून हा अग्रलेख संपवायचा नाही. गहिवर काढणं स्वस्त आहे. काम सांगतो.

पहिलं. आपल्या तालुक्यात आज जिवंत असलेल्या प्रत्येक गाणाऱ्या, वाजवणाऱ्या, रचणाऱ्या माणसाची यादी करा. नाव, गाव, वय, कुणाच्या पार्टीत होता, कुठली चाल त्याला येते. बायांना विसरू नका. जात्यावर आणि उसाच्या फडात बाबासाहेब गाणाऱ्या बाया शाहीरच आहेत. माढा, करमाळा, पंढरपूर, मंगळवेढा, चार तालुक्यांपासून आम्ही सुरुवात करतो.

दुसरं. घराघरातल्या कॅसेटी बाहेर काढा. फीत चिकटते, बुरशी धरते, एकदा गेली की गेली. खिशात मोबाइल आहे तो याच कामाला वापरा. आणि गाण्यावर रचणाऱ्याचं नाव लिहा. "पारंपरिक" लिहून आपल्याच कवीला मारू नका. बिनानावाचं ठेवणं ही गावकुसाच्या आतली रीत आहे.

तिसरं. जयंतीत डीजे लावायचा तर लावा, पोरांनी नाचू नये असं म्हणायला आम्ही कीर्तनकार नाही. जमैकातल्या पोरांचेही भोंगे मोठेच होते. पण त्यांच्या भोंग्यातून त्यांचंच गाणं यायचं. तेव्हा एक रात्र जिवंत गायकाची ठेवा. त्याची बिदागी कार्यक्रमाच्या आधी, मोजून, हातात द्या. पहाटे नव्हे.

चौथं. 2012 मध्ये कॉपीराइटचा कायदा बदलला. गाण्याचा धंद्यासाठी वापर झाला तर रचणाऱ्याला, चाल बांधणाऱ्याला आणि गाणाऱ्यालाही रॉयल्टीत वाटा मिळायची तरतूद त्यात आली. आपल्या कलावंतांनी कंपनीचे कागद न वाचता अंगठे दिले आहेत. आपल्यातल्या वकिलांनी जयंतीला फेटा बांधून मिरवण्यापेक्षा एका तरी कलावंताचा कागद वाचावा. तेवढीच खरी वंदना.

पाचवं, आणि हे आमच्या पोरांसाठी. पुन्हा कधी बैठकीत कुणाला वगळायची पाळी आली तर हात वर करायच्या आधी त्या माणसाला एकदा समोर बसवा. विचारा, दादा, तुम्ही हे का गाता? तो काय सांगतो ते ऐका. मग खुशाल भांडा. आम्ही विचारलंच नाही. आम्ही विचारलं असतं तर कदाचित ते चिडले असते. कदाचित म्हणाले असते, पोरांनो, तुम्ही द्या शब्द, मी गातो. ते उत्तर आता मिळायचं नाही. 2004 मध्ये ते जळून गेलं.

•

परवा पहाटे पुन्हा टेंभुर्णीच्या चौकात उभे होतो. टपरीवर गाणं लागलं. तोच आवाज, उंच पट्टीतला. टपरीवाल्या पोराला सांगितलं, हा माणूस मंगळवेढ्याचा बरं का. आमच्यातला. आंबेडकरी. पोरगं जरा थबकलं. हातातला गाळणा तसाच राहिला. त्यानं एकदा तसबिरीकडं बघितलं, एकदा आमच्याकडं. आता हे बंद करतं की काय असं वाटलं.

बंद केलं नाही. म्हणालं, "त्यांचं भीमगीतबी हाय का वो?"

आहे, म्हटलं. लाव.

त्यानं शोधलं आणि लावलं. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, पंढरपूरची एसटी गेली, आणि टेंभुर्णीच्या भर चौकात, उदबत्तीच्या धुरात, त्या दिवशी पहिल्यांदा दोन कॅसेटी एका ठिकाणी वाजल्या. फार काही घडलं असा आमचा दावा नाही. चहा तोच होता, पेला तोच होता. पण दहा मिनिटं तरी गळा आणि माणूस दोघंही आत होते.

दहा मिनिटांचं बारा महिने करायचं. एवढंच काम आहे.

जयभीम!